अभ्यासच न झालेला टॉपर

परीक्षेच्या हॉलबाहेर त्याला ओळखायला वेळ लागत नाही. कुणी चुरगळलेल्या झेरॉक्सवर शेवटचा हात मारत असतं, कुणी सारसबागेच्या गणपतीला मनातल्या मनात नारळ बोलत असतं, कुणी "युनिट चार सोडून दिलं तर चालेल ना?" असं भेटेल त्याला विचारत असतं. आणि हा भिंतीला टेकून, उतरलेल्या चेहऱ्याने सांगत असतो, "माझं काहीच झालं नाही रे. या वेळी बॅक लागणार."

ऐकणारा नवखा असेल तर त्याला फार धीर येतो. बुडताना सोबत मिळाली की माणसाला बरं वाटतं. पण पेपर सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो, तोच शांत हॉलमध्ये उत्तरपत्रिकेचं पान फर्रकन उलटल्याचा आवाज येतो. पुन्हा येतो. पुन्हा येतो. बॅक लागणारे गृहस्थ पाचव्या पानावर असतात आणि आपण अजून समास आखत असतो.

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर प्रत्येक विंगमध्ये असा एक नग असतोच. मुलं त्याला खोटारडा म्हणतात. मला ते पटत नाही. त्याचं दुःख अस्सल असतं. त्याने सकाळी उठून स्वतःचीच परीक्षा घेतलेली असते, तीत त्याचे चार मार्क गेलेले असतात आणि त्या चार मार्कांचं सुतक तो हॉलबाहेर पाळत असतो.

त्याच्या यशाबद्दल विंगमध्ये नाना तर्क चालतात. तो बदाम खातो, तो पहाटे चारला उठतो, त्याचा मामा पेपर सेट करतो. मग जो तो आपापल्या परीने त्याची नक्कल करतो. एकाने हायलायटरचा संच आणला आणि पुस्तक असं रंगवलं की न रंगवलेली ओळ तेवढी उठून दिसायची. (डन्लॉस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. त्यात अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचन या दोन्ही तळाच्या रांगेत गेल्या. आमच्या विंगचा निम्मा अभ्यास एका झटक्यात बाद.) दुसऱ्याने पोमोडोरो धरला. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून काढलेली ही युक्ती: पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती. आमच्या पठ्ठ्याची पंचवीस मिनिटं पंचवीसच राहिली. पाच मिनिटं मात्र टपरीवरच्या कटिंगपासून निघून कात्रजच्या मिसळीपर्यंत गेली.

खुद्द टॉपरच्या टेबलावर पाहाल तर निराशा होईल. ना रंगीत पेनं, ना भिंतीवर वेळापत्रक. असतो तो पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. एका बाजूला 'फी भरण्याची अंतिम मुदत', दुसऱ्या बाजूला कार्नो सायकल. पुस्तक दहा-पंधरा मिनिटं वाचायचं, मिटायचं, चक्क गादीखाली सारायचं आणि आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं. मग पुस्तक बाहेर काढून लाल पेनाने स्वतःलाच तपासायचं. तपासताना तो स्वतःशी इतका कडक वागतो की विद्यापीठाचे परीक्षक त्यापुढे प्रेमळ आजोबा वाटावेत. चुकलेला कागद कोपऱ्यात तारीख टाकून बाजूला ठेवायचा: हा उद्या, हा चार दिवसांनी, हा पुढच्या आठवड्यात. पाठांतर असं दिवसांत वाटून केलेलं बरं, हे बर्लिनचा मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस १८८५ सालीच सांगून गेला. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षं अर्थहीन अक्षरसमूह स्वतः घोकले आणि ते किती वेळाने विसरले जातात ते मोजलं. आमच्याकडे अर्थहीन गोष्टी घोकणाऱ्यांची वाण नाही. मोजत मात्र कुणी बसलं नाही.

पी.एल., म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की त्याच्या खोलीत दरबार भरतो. रात्री नऊला थर्मो शिकायला पाच-सहा जण येतात, येताना मॅगी आणतात. काय उदार मुलगा, असं सगळ्यांना वाटतं. तो एन्ट्रॉपी समजावून सांगतो, आणि मागे कॉटवर लवंडलेला एखादा विचारतो, "पण ती वाढतेच का? कमी व्हायला काय हरकत आहे?" टॉपर गप्प. मग "थांब, पाणी पिऊन येतो" म्हणून उठतो. पाण्याची बाटली टेबलावरच असते. दहा मिनिटांनी येतो तो उत्तर घेऊनच. एव्हाना कॉटवरचा झोपलेला असतो, पण टॉपर न थांबता सगळं सांगून टाकतो, कारण त्याला ते सांगायचंच असतं. त्या रात्री जमलेल्यांत सगळ्यांत जास्त शिकून कोण उठतं, हे मॅगी आणणाऱ्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

साडेअकराला तो सगळ्यांना हाकलतो आणि झोपतो. ही गोष्ट मुलांना सर्वांत जास्त झोंबते. बाकीची विंग चहाच्या जोरावर चारपर्यंत जागते आणि सकाळी हॉलमध्ये प्रश्नाकडे ओळखीचा चेहरा पाहावा तशी पाहत बसते. नाव काही आठवत नाही. हा मात्र आठ तास झोपून, पोहे खाऊन, केस ओले करून हॉलबाहेर उभा. चेहरा तेवढा उतरलेला.

त्याच्यात दोष नाहीत असं नाही. जुने पेपर तो अडीच तासांचं घड्याळ लावून सोडवतो आणि त्या वेळात कुणी दार वाजवलं तर आतून श्वाससुद्धा ऐकू येऊ देत नाही. गॅदरिंगला आला तरी कानाकोपऱ्यात उभा राहून ओठ हलवतो. एकदा त्याला कुणीतरी आवडली होती म्हणतात. तिला त्याने तीन वर्षांचे सोडवलेले पेपर दिले. ती पास झाली आणि विषय तिथेच संपला.

निकालाच्या दिवशी साइट बंद पडते, ती सुरू होईपर्यंत हा नखं खातो. पहिला आल्याचं कळल्यावर त्याचा चेहरा आणखी पडतो, कारण एका विषयात ७० पैकी ६४ च मिळालेले असतात. तो पैसे भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवतो, लाल पेन घेऊन ती रात्रभर तपासतो, आणि आपल्याला दोन मार्क जास्तच दिलेत, असा निष्कर्ष काढतो. रीव्हॅलचा भरून ठेवलेला फॉर्म मग तो गुपचूप पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात घालतो.