साडेआठच्या काकू

मुलुंड पूर्वेला ज्या काही चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या अजून बिल्डरच्या वाटेकडे डोळे लावून उभ्या आहेत, त्यांतल्या कुठल्याही जिन्याने रात्री साडेआठनंतर वर जावं. पहिल्या मजल्यावर सासू प्रश्न विचारत असते, दुसऱ्यावर सून गप्प असते, तिसऱ्यावर नुसतं ढॅण ढॅण ढॅण. एका दारापाशी मात्र मालिकेच्याही वरचा आवाज लागतो. "अगं सांगून टाक ना मेले! आत्ता नाही तर कधी सांगणार?" हे काकूंचं घर. अशा काकू प्रत्येक विंगला एक असतातच. घाटकोपरकडच्या काकूंना समोरच्या गुजराती बेनना हिंदीतून कथा समजावून सांगायचं जादा काम पडतं, एवढाच काय तो फरक.

काकूंच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडलेली आहे. कारण विचारलं तर "हवा खेळती राहते" म्हणतात. खरी गोष्ट अशी की तव्यावरची पोळी आणि पडद्यावरचा प्रसंग यांचा हिशेब त्यांनी पक्का बसवला आहे. मालिकेत कुणी काही भयंकर बोललं की कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर तीन-तीनदा जातो. चौकोनी कुटुंब असेल तर तेवढ्यात पोळी जेमतेम उलटून होते. आजी, काका, आत्या, शिवाय सोफ्याच्या कडेला उभा असलेला गडी, असा गोतावळा असेल तर पोळी फुगते, तिला तूप लागतं, ती डब्यात जाते आणि काकू पदराला हात पुसत बाहेर येतात, तेव्हा आत्याची भुवई नुकती कुठे वर निघालेली असते. महाएपिसोडला हे गणित जमत नाही. म्हणून रविवारी खिचडी.

काकूंची सेवाज्येष्ठता दांडगी. झी मराठीला अल्फा म्हणायचे तेव्हापासूनची, म्हणजे १९९९पासूनची. 'आभाळमाया'तल्या सुधा जोशींच्या दुःखात त्या ज्या सामील झाल्या, त्या आजतागायत कुणाच्या ना कुणाच्या दुःखात आहेतच. ई टीव्हीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ला आली आणि ३,०००च्या वर भाग करून २०१३ला गेली. तेवढ्या काळात काकूंच्या मुलाची दहावी, इंजिनिअरिंग, नोकरी आणि लग्न उरकलं. मालिकेतल्या देशमुखांकडे मात्र काही ना काही चालूच होतं. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण लांबलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने व्हॉट्सॲपवर तिची टिंगल केली. काकू हसल्या नाहीत. "पहिलटकरीण आहे, होतो उशीर," म्हणाल्या. त्या मालिकेतलं 'काहीही हं श्री' मात्र काकांनी उचललं. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही चर्चेत त्यांचं तेवढंच एक वाक्य असतं.

'माझ्या नवऱ्याची बायको'तली शनाया २०१८ला बदलली. रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली. गुरुनाथला काही फरक पडला नाही, काकूंना पडला. "ही ती नव्हेच. तिच्या लबाडीला एक वजन होतं." बरेच दिवस त्यांनी नव्या शनायाला शिवीही दिली नाही, इतका परकेपणा. पुढे २०२०मध्ये रसिका परत आली, तेव्हा काकू पुन्हा नाराज. "आता कुठे हिचा राग यायला लागला होता!"

हल्ली पैसे भरले की नवा भाग टीव्हीच्या आधीच मोबाईलवर बघता येतो. बी विंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका सकाळच्या चहाबरोबर तो बघून मोकळ्या होतात आणि भाजीवाल्यापाशी भेटल्या की ओठ घट्ट मिटून हसतात. त्या हसण्यावरून काकू रात्रीचा भाग ताडतात, आणि बहुतेक वेळा बरोबर ताडतात. स्वतः मात्र ॲप घेत नाहीत. मुलाने भरतो म्हटलं तरी नको म्हणाल्या. "सकाळी सहाला बघून ओरडणार कुणावर? हे झोपलेले असतात."

लोकांना वाटतं, काकूंचा राग खलनायिकेवर. तिच्याशी त्यांचं काही वाकडं नाही, ती बिचारी नेमून दिलेलं काम करते. काकूंचं हाडवैर आहे ते लेखकाशी. त्याला मागचं आठवत नाही, काकूंना सगळं आठवतं. सध्या त्या जी मालिका बघतात तिच्यातल्या सासऱ्यांना मागच्या गणपतीत शेंगदाण्याची ॲलर्जी होती, त्यावर चार भाग निघाले, दवाखाना झाला, देवाला साकडं घालून झालं. परवा तेच सासरे संक्रांतीला चिक्की मोडून खात होते. काकूंनी लाटणं हातात घेऊन टीव्हीसमोर ठाण मांडलं आणि ते घास गिळेपर्यंत श्वास रोखून धरला. सासऱ्यांना काही झालं नाही. काकूंना रात्रभर झोप नाही.

'ठरलं तर मग'मध्ये सायली हीच खरी तन्वी, हे प्रेक्षकांना कधीचं ठाऊक. बराच काळ कळायचं राहिलं होतं ते घरच्यांना. काकूंची बीपीची गोळी या गौप्यस्फोटाच्या प्रतीक्षेत सुरू झाली असं काका सांगतात. डॉक्टर लोणच्याचं नाव घेतात.

या विषयावर काकूंच्या तोडीचं बोलणारं माणूस एकच, भांडुपहून भांड्यांना येणाऱ्या मावशी. सकाळी साडेनवाला बैठक भरते.

"बघितलंत ना काल?"

"बघितलं की. पण काकू, न वाचता सही करतं का कुणी? आमच्याकडं एसआरएचा कागद आला, तर मी तीन ठिकाणी वाचून घेतला."

"तेच म्हणते मी! आणि नवरा चांगला वकील."

"वकील कोर्टात. घरी कुठं कोण वकील असतो?"

यावर काकू बराच वेळ विचार करतात आणि नळ तसाच वाहत राहतो. चॅनेलच्या कचेऱ्यांत गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात म्हणे. ते लोक इथे ओट्यापाशी दहा मिनिटं उभे राहिले तर आठवडाभर थांबावं लागणार नाही, असं आपलं माझं मत.

'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अरुंधतीने अनिरुद्धला सोडावं म्हणून काकूंनी धोशा लावला होता. त्याच सुमारास डोंबिवलीच्या भाचीचा फोन आला. नवऱ्याबद्दल कुरकुर. काकू लगेच, "अगं, होतं असं, जरा सांभाळून घ्यावं."

भाची काही कमी नाही. "मावशी, अरुंधतीला नाही सांगत तू सांभाळून घ्यायला!"

"तिच्यामागे चॅनेल आहे. तुझ्यामागे कोण आहे?" काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "बॅग भर आणि ये इकडे चार दिवस. मी आहे."

२०२०च्या मार्चमध्ये शूटिंगं बंद पडली आणि जुने भाग पुन्हा लागले. पुढचं सगळं ठाऊक असल्यामुळे काकूंचा जीव आणखीच टांगणीला. दार उघडायच्या आधीच त्या सुनेला "नको उघडूस" म्हणून बजावत, आणि ती उघडतच असे. पुढच्या वर्षी राज्यात निर्बंध आले तेव्हा बऱ्याच मालिकांनी गोवा, सिल्व्हासा गाठलं. बंगल्यात धुसफुसणारी कुटुंबं रातोरात माडांखाली येऊन धुसफुसू लागली. काकूंना कथेचं काहीच खटकलं नाही. "यांना ई-पास कुणी दिला?" एवढाच त्यांचा सवाल. "आम्हाला आनंदनगर नाका ओलांडून भावाकडे जाता येत नाही." मे महिन्यात गोवा सरकारनेही चित्रीकरण थांबवलं, तेव्हा त्यांना बरं वाटलं की वाईट, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

जुलै २०२३मध्ये गोरेगावच्या फिल्मसिटीत मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरला. मुलुंडकरांना बिबट्याचं अप्रूप नाही, नॅशनल पार्क आमच्याही पाठीला आहे. काकूंनी बातमी दोनदा ऐकली, कुणाला ओरखडासुद्धा नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "शिरला तो शिरला, पण चुकीच्या मालिकेत शिरला."

एवढ्या काकूंची बोलती मी एकदाच बंद झालेली पाहिली. पूल ओलांडून पश्चिमेला, कालिदास नाट्यगृहात. त्यांच्या मालिकेत कपाटाच्या किल्ल्या पळवणारी जी धाकटी जाऊ आहे, तिच्या नाटकाचा प्रयोग होता. काकूंनी तिकिटं पहिल्या रांगेची काढली, कारण प्रयोग संपल्यावर रंगपटाकडे आधी पोचायचं होतं. नाटक त्यांनी बघितलं असं म्हणवत नाही. तिथे ती मुलगी फारच चांगली वागत होती आणि काकू दर दहा मिनिटांनी "नाटक करतेय" असं पुटपुटत होत्या.

आत गर्दी होती. काकूंच्या एका हातात नारळाच्या वड्यांचा डबा, दुसऱ्या हाताचं बोट वर. "किल्ल्या परत कधी देणार आहेस?" त्यांनी विचारलं. मुलगी अर्धा मेकअप पुसलेल्या चेहऱ्याने हसली आणि वाकून नमस्कार केला. बोट हवेत राहिलं. काकूंनी डबा पुढे केला.

"खरं सांगू काकू, मलाही माहीत नाही," ती वडी तोंडात टाकत म्हणाली. "सीन सकाळी हातात येतो."

"म्हणजे पुढचं तुला काहीच ठाऊक नसतं?"

"काहीच नाही."

काकू क्षणभर गप्प. मग त्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं, आरशापाशी खुर्ची ओढून बसवलं आणि गणपतीपासूनची सगळी कथा तिला नीट समजावून सांगितली. कोण कुणाला काय बोललं, किल्ल्या खऱ्या कुणाच्या, सासऱ्यांना काय चालत नाही. बाहेर काकांनी रिक्षा थांबवून ठेवली होती आणि मीटर पडत होता. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. मधे तिने एकदा, "थांबा थांबा, हे मला माहीतच नव्हतं," असंही म्हटलं.

"लिहून घे," काकू म्हणाल्या.