सुखाने फसण्याची रीत

ग्राहक म्हणून नीट फसायचे असेल तर पहिली अडचण कायद्याची येते. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत काढली, तेव्हापासून या कामात व्यत्यय सुरू झाले ते थांबलेलेच नाहीत. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. तो अपुरा वाटला म्हणून २०१९ मध्ये नवा केला आणि जुलै २०२० पासून तो लागूही झाला. आता आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावावाच लागतो असे नाही, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग फीसुद्धा घेत नाही. इतक्या बंदोबस्तात फसायचे कसे, असा प्रश्न नवशिक्याला पडणे साहजिक आहे. पण त्याने धीर सोडू नये. या कायद्याला चालायला दोनच गोष्टी लागतात, कागद आणि तोंड, आणि दोन्ही अजून आपल्याच ताब्यात आहेत.

आधी कागदाचे पाहू. दुकानदार मिक्सर खोक्यात घालता घालता विचारतो, "पक्कं बिल हवंय का? मग जीएसटी पडेल." इथे घाई करू नये, पण विचारही करू नये. खोक्यावर छापलेली कमाल किंमत सर्व करांसहित असते, ही माहिती या क्षणी आठवली तर घोटाळा होतो. ‘साधंच द्या’ म्हणावे. मग एक चिठ्ठी मिळते: डोक्यावर ‘एस्टिमेट’ असे छापलेले, दुकानाचे नाव नाही, तारखेच्या जागी एक फराटा, आणि खाली बॉलपेनने लिहिलेला आकडा. वॉरंटी कार्डावरची शिक्क्याची चौकट कोरीच. आठ महिन्यांनी मोटर जळली की याच चिठ्ठीचे मोल कळते. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे दोष खरे तर दुकानदाराचा. पण त्याने आपल्याला विचारले होते आणि आपणच नको म्हटले होते. चार पैसे वाचवायच्या गोष्टीत भागीदार करून घेतलेला माणूस पुढे भांडायला येत नाही, हे व्यापारशास्त्र दुकानदार कुठल्याही कॉलेजात न जाता शिकलेला असतो. राहिली गल्ल्यामागची पाटी: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. तरी पाटीकडे पाहताना शेजारच्या हार घातलेल्या तसबिरीकडे पाहावे तसेच पाहावे.

तोंडाचे काम अधिक नाजूक. मिठाईच्या दुकानात काट्यावर आधी खोका ठेवतात आणि मग त्यात पेढे भरतात. मधे एक क्षण असतो. काटा खोक्यासकट शून्यावर आणलाय की नाही, हे त्याच क्षणी दिसते. तेवढ्यात मागच्या माणसाकडे बघून हसावे, रांग किती मोठी आहे यावर बोलावे. खोका ६० ग्रॅमचा आणि पेढे ७०० रुपये किलो धरले, तर पुठ्ठ्याचे ४२ रुपये झाले. पुठ्ठा सणाच्या दिवशी गोडच लागतो. दुधाच्या पिशवीवर छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त ‘फ्रिजचे’ म्हणून द्यावेत. हॉटेलात सेवाशुल्क लावलेले दिसले तर ते सक्तीचे नाही, हे वेटरला सांगू नये. सोबत पाहुणे असतील तर मुळीच नाही. या साऱ्याचा पाया लाज हा आहे, आणि आता ऑनलाइन दुकानांनाही तो सापडला आहे. विमा नको असेल तर तिथे ‘नको, मला धोका पत्करायचा आहे’ असे बटण दाबावे लागते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. यादी चांगली आहे, वाचू नये.

यावर काही जण म्हणतील, दोन रुपयांसाठी कोण भांडणार, आणि बिचाऱ्याचे पोट आहे. हा उदार विचार आहे, फक्त त्याचा गुणाकार करू नये. रोज ३०० पिशव्या गेल्या तर महिन्याचे १८ हजार होतात. शिवाय ते खरोखर ज्याच्या पोटातून जातात तो पलीकडचा दुकानदार, जो छापील किमतीत दूध विकतो आणि वीजबिल स्वतः भरतो. त्याला लवकर शहाणे करायचे असेल तर आपला उदारपणा असाच चालू ठेवावा. दुसरा आक्षेप वेळेचा आहे, आणि तो खोटा नाही. कायद्यात निकालाला ३ महिने, माल प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर ५ महिने दिले आहेत. प्रत्यक्षात वर्षे जातात. मथुरेच्या एका वकिलाकडून रेल्वेने १९९९ मध्ये तिकिटाचे २० रुपये जास्त घेतले. शंभराहून अधिक तारखा झाल्या आणि २०२२ मध्ये तो जिंकला: २० रुपये, त्यावर १२ टक्के व्याज, वर १५ हजार. हे उदाहरण मुलांना केवळ ‘बघा, २२ वर्षं गेली’ एवढ्यासाठीच सांगावे. आयोगाच्या पायरीआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे आणि तिथून तक्रार थेट कंपनीपुढे जाते, हा भाग वगळावा. नाहीतर आक्षेपच लंगडा पडतो.

एवढे सांभाळूनही कधी संताप अनावर झालाच, तर तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काढावा. तिथे ‘आमचंही असंच झालं’ म्हणणारे लगेच पाच जण भेटतात आणि मन शांत होते. तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. ती ग्रुपवर सुखाने संपते. आणि चुकून पक्के बिल मिळालेच, तर ते मॉलमधल्या त्या गुळगुळीत कागदावरचे असेल असे पाहावे. पाकिटात घडी घालून ठेवले, दोन उन्हाळे गाडीत राहिले की त्यावरची अक्षरे आपोआप उडतात. झेरॉक्स मात्र काढू नये, आणि फोनवर फोटो तर नाहीच.