जीप पाहावी घेऊन

सातपूरला राहणाऱ्या माणसाने जीप घ्यायला हरियाणात जावं, हे मामींना शेवटपर्यंत पटलं नाही. महिंद्रची थार जिथे तयार होते तो नाशिकचा कारखाना घराजवळच. सकाळी फिरायला गेलं तरी कोऱ्या गाड्या ट्रेलरवर चढताना दिसतात. “मग त्यातलीच एक उतरवून घ्या की,” मामी म्हणाल्या. मामांचं म्हणणं असं, की थारला एसी आहे, टचस्क्रीन आहे, आणि जिच्यात बसून कंबर दुखत नाही तिला जीप म्हणवत नाही. मामींनी यावर काही न बोलता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मामांनी तीच परवानगी समजली.

मामा, भाचा आणि वडाळा नाक्यावरचे एक मिस्त्री असे तिघे नाशिक रोडला पंजाब मेलमध्ये चढले. 1912 पासून धावणारी ही गाडी मुंबईहून फिरोजपूरला जाताना बठिंड्याला थांबते. जुन्या जीपच्या शोधात निघालेल्यांना वाहनही तितकंच जुनं मिळालं, याचा मामांना फार आनंद झाला. जुन्या जीपच्या बाजारासाठी जायचं ते मंडी डबवाली बठिंड्याहून बसने साधारण तासाभराच्या अंतरावर. गाव हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातलं, पण पंजाबची हद्द इतकी चिकटून, की चहा एका राज्यात पिऊन पान दुसऱ्या राज्यात खाता येतं.

वाटेत मामांनी जीपची जन्मकथा ऐकवली. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या फोर बाय फोर गाडीसाठी 135 कंपन्यांना विचारलं आणि नमुना 49 दिवसांत मागितला. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या चिमुकल्या कंपनीने 23 सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी दारात उभी केली. लष्कर खूश झालं आणि मोठं काम विलीज व फोर्डला दिलं. “म्हणजे टेंडर सगळीकडे सारखंच,” मिस्त्री म्हणाले. त्यांचा नाशिकच्या सरकारी गॅरेजांशी जुना परिचय होता.

डबवालीच्या बाजारात शिरल्यावर मात्र मामांची बोलती बंद झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जीपच जीप. काही रंगून तयार, काही नुसत्या चासी, काहींचे पत्रे भिंतीला टेकवलेले. हा धंदा उभा राहिला लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जीपवर आणि त्यांच्या सुट्या भागांवर. लिलावाचा माल आटला, पण गिऱ्हाइकांची हौस आटेना. मग इथल्या कारागिरांनी पत्रा ठोकून बॉडी घरीच करायला घेतली. वरून विलीज, आत टोयोटाचं नाहीतर इसुझूचं डिझेल इंजिन, असा संसार. पंजाब-हरियाणात हिला लांडी जीप म्हणतात, आणि लग्नात नवरदेव मिरवायला तिच्यासारखं दुसरं वाहन नाही.

मामा अभ्यास करून आले होते. युद्धातल्या विलीज आणि फोर्डच्या जाळीला नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. ते एका जीपच्या फटी बोट लावून मोजू लागले. आठ भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी आठच. कारागिराने वाद नको म्हणून मधला मार्ग काढला असावा. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टवरसुद्धा इंग्रजी एफ कोरला होता, म्हणून मामांनी भिंग काढलं. बोल्टवर लुधियानाचा शिक्का निघाला.

जीप विकणाऱ्या सरदारजींनी हे सगळं शांतपणे पाहून घेतलं. त्यांनी काही लपवलं नाही. “बॉडी नई है जी, कागज पुराने हैं। आपको कौन सा साल चाहिए?”

या एका वाक्यात जुन्या जीपचा सगळा बाजार येतो. लोखंड कुठेही मिळतं, पत्रा ठोकणारेही मिळतात. दुर्मीळ असतं ते आरसी बुक. म्हणूनच कधी कधी गंजलेला सांगाडा विकला जातो तो त्याच्यासोबतच्या पिवळ्या पडलेल्या कागदासाठी. पण जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीने जशी बनवली आणि नोंदली त्यापेक्षा गाडीची घडण बदलता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 होतंच. तेव्हापासून लांडी जीपवाल्यांना मंदी आणि चेकनाक्यावरचा शिपाई, दोन्ही सोसावी लागतात.

फसवणुकीचं दुःख करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाच मुळी जुन्या जीपचा. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी परदेशी कंपनीशी सुमारे 80 लाखांचा सौदा केला. पैसे बरेचसे आगाऊ गेले, आल्या 155 जीप, त्याही वापरता येण्याजोग्या नव्हत्या. 1955 मध्ये गोविंद वल्लभ पंतांनी प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी मेनन मंत्री झाले, 1957 मध्ये उत्तर मुंबईतून खासदार झाले आणि मग थेट संरक्षणमंत्री. आठ फटींच्या जीपला हात लावून परत फिरलेले मामा त्या मानाने फारच सावध म्हणायचे.

एक चक्कर मात्र त्यांनी मारलीच. कोपऱ्यात एका शेतकऱ्याची खरोखरीची जुनी विलीज उभी होती, विकायला नव्हती, दाखवायला होती. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. टाकीवरच बसून चालवायची, त्यामुळे मिस्त्रींनी बिडी विझवली. हेडलाइट बिजागरीवर उलटा फिरतो, म्हणजे रात्री बॉनेट उघडून त्याच दिव्यात इंजिन पाहता येतं. बाहेर कपाशीच्या शेतांमधून कालव्याच्या कडेने गाडी निघाली. पहिला गिअर थांबल्याशिवाय पडत नव्हता आणि पडला की गावभर ऐकू जात होता. स्टिअरिंग फिरवल्यावर जीप थोडा विचार करून वळायची. “मामा, खड्डा!” भाचा ओरडला. “दिसला रे,” मामा म्हणाले, आणि जीप त्याच खड्ड्यातून गेली. परत आल्यावर मामांची टोपी सापडली नाही. चेहऱ्यावरचा आनंद असा, की लग्नाच्या फोटोतही नाही.

रंगाची एक भानगड उरलीच. लष्करी जीप म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, हे मामांच्या मनात पक्कं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 क्रमांकाचा नियम सांगतो, की संरक्षण खात्याची गाडी सोडून कुठल्याही गाडीला तो रंग देता येत नाही. ज्या एका रंगासाठी सगळा आटापिटा, नेमका तोच मना. विंटेजची वाटही सोपी नाही. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण मग ती रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. भाजी आणायला तर नाहीच, हे मामींना कळल्यावर त्यांचा उरलासुरला रस संपला.

शेवटी मामांनी घेतली ती ऐंशीच्या दशकातल्या घडणीची महिंद्र एमएम 540, प्यूजोच्या डिझेल इंजिनाची, विटकरी रंगाची, दिसायला अगदी बेतास बात. त्याआधी पाहिलेली एक जीप सुंदर होती, पण आरसीवर चासी नंबरचा शेवटचा आकडा 3 आणि चासीवर 8. “गंज चढला की तीनाचा आठ दिसतो,” असं विकणारा म्हणाला. मिस्त्रींनी पॉलिश पेपर मारला, आठ आणखी ठळक झाला. जीप नाशिकला ट्रकवर आली. ती आता त्र्यंबकच्या रस्त्याला, पहिल्या पावसानंतर, चिखल शोधत फिरते. मामी मागे बसतात आणि कंबर दुखते म्हणतात. मामांच्या मते हीच अस्सलपणाची खूण.

तुम्हालाही हौस असेल तर जरूर जा. फक्त इसार द्यायच्या आधी जीपखाली आडवे व्हा, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटलेला ठसा आरसीशी एकेक आकडा ताडून पाहा. परराज्यातली गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्रातला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो हे घरी आधीच सांगून ठेवा.