अप्रेझलच्या फॉर्मला खुले पत्र

अप्रेझलच्या फॉर्मा,

पत्राच्या सुरुवातीला 'स. न. वि. वि.' लिहीत नाही. सविनय नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस. मार्च उजाडला की तू इनबॉक्समध्ये येऊन पडतोस आणि एक ते पाचमधला आकडा मागतोस. तेवीस वर्षांचा पोरगा, सहा महिन्यांचं बाळ घरी ठेवून कामावर आलेली बाई आणि निवृत्तीला चार वर्षं उरलेला माणूस, तिघांना तू एकाच रकान्यात कोंबतोस. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत टीम सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तुझे प्रताप जवळून पाहिलेत, म्हणून हे लिहिते आहे.

तुझं कूळ आम्हाला ठाऊक आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी १९८०च्या दशकात माणसांची २०-७०-१० अशी वाटणी रूढ केली. वरच्या वीस टक्क्यांना बक्षीस, खालच्या दहांना बाहेरचा रस्ता. तीच बेल कर्व्ह होऊन आपल्याकडे आली. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली ही सक्तीची क्रमवारी टाकून दिली, पुढे खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही ती सोडली. तू मात्र इथे कितीतरी ऑफिसांत ठाण मांडून आहेस. टीममधले दहाच्या दहा जण राबले, तरी त्यांतला एक जण खालचा ठरवावाच लागतो. मग नॉर्मलायझेशनच्या बैठकीत सगळ्यांच्या नजरा ज्याचा वेग त्या वर्षी मंदावला होता त्याच्याकडे वळतात. का मंदावला, हे लिहायला तुझ्यात जागाच नाही.

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईशी तू कसा वागतोस, ते सांगते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर आपसांत ठरवून घरून काम करता येईल, असंही त्यात म्हटलं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. त्याच कायद्याचं कलम १२ सांगत होतं की, या रजेच्या काळात सेवेच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. कायद्याने एवढं केलं आणि तू एका आकड्याने त्यावर पाणी फिरवलंस. 'वर्षभरातलं योगदान' हा तुझा रकाना. वर्षातले सहा महिने ती नव्हती, म्हणजे योगदान निम्मं, म्हणजे तीन. बढतीला मागच्या दोन वर्षांत चार हवेत. म्हणजे बाळ दोन वर्षांचं होऊन धावायला लागतं, तिची झोप पूर्ण होऊ लागते, ती पुन्हा अवघड काम मागते, तोवर तिच्या बरोबरीचे पुढच्या पदावर गेलेले असतात. तिने वेग कमी केला होता काही काळापुरता. तू तो तिच्या नावावर कायमचा चढवलास. अशा हुशार बायका मी नोकरी सोडताना पाहिल्या आहेत, आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

वेग कमी केला की कस गेला, असं तू धरून चालतोस. श्रीरामपूरचा झहीर खान आठव. २००० साली तो आला तो सुसाट वेगाचा गोलंदाज म्हणून. पुढे दुखापतींनी गाठलं, संघातली जागा गेली. २००६ साली तो वूस्टरशायरकडून कौंटी खेळायला गेला, रनअप आखूड केला, वेगापेक्षा स्विंगवर आणि टप्प्यावर मेहनत घेतली. २००७च्या ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने नऊ बळी घेतले आणि २०११च्या विश्वचषकात एकवीस. तुझ्या हाती त्याचा फॉर्म असता, तर स्पीडगनचा आकडा बघून तू त्याला २००६ सालीच घरी बसवलं असतंस.

तरुण पोरांचं तू भलं करतोस, असंही नाही. तेविशीत जोर असतो, शिकायची भूक असते. त्यांना अवघड काम मिळावं आणि पुष्कळ मिळावं, याच मताची मी आहे. पण शनिवार-रविवारी रात्री दीडला पाठवलेल्या मेलला तू 'ओनरशिप' म्हणून गुण देतोस. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. ती सुट्टी वातानुकूलित ऑफिसातली मुलं तुझ्यापायी स्वतःहून परत करतात. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ साली सांगितलं. तुझ्यात त्याचा कुठे उल्लेख आहे?

आणि निवृत्तीजवळ आलेला तो माणूस. रात्री सर्व्हर पडला की सगळे फोन त्यालाच लावतात. दहा मिनिटांत तो चूक दाखवतो आणि चार पोरांना शिकवून मोकळा होतो. तू त्याला विचारतोस, यंदा नवी सर्टिफिकेशन्स किती केली?

तुझ्यात मला एक रकाना वाढवून हवा आहे: या वर्षी किती वेगाने काम करायचं ठरलं होतं? गुण त्या ठरावाच्या हिशेबाने द्यावेत. पुढच्या वर्षी वेग वाढवायची तयारी कोणी दाखवली, तर मागचा आकडा त्याच्या आड येऊ नये. एचआर म्हणतं, सिस्टिममध्ये तशी सोय नाही. ही सिस्टिम माणसांनीच लिहिलेली आहे, दोन स्प्रिंटमध्ये बदलून होईल. हे काम करणारी माणसं मी देते.

तोवर माझं मी ठरवलं आहे. यंदाच्या बैठकीत रजेवरून परतलेल्या कुणाचा आकडा बेल कर्व्हसाठी खाली ओढायला सांगितलं, तर मी कायद्यातल्या त्या तरतुदीची छापील प्रत टेबलावर ठेवणार आणि नकार मिनिट्समध्ये लिहून घ्या म्हणणार.

तुला दरवर्षी भरणारी,
एक टीम लीड