दोष ड्रायव्हरचा नाही

सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरवर नेलं, फोटो उघडला आणि माणसाचा चेहरा निळा दिसला, की टीममधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'ग्राफिक्स ड्रायव्हर कच्चा आहे, पुढच्या अपडेटची वाट बघू.' या वाक्याची मला चीड आहे. ड्रायव्हर कधीकधी खरंच कच्चा असतो. पण त्याआधी आपला कोड तपासायचा असतो, कारण जुना प्रोसेसर आपल्या चुका वर्षानुवर्षं खपवून घेत आलेला असतो आणि नवा घेत नाही.

'फक्त पुन्हा कंपाइल करा' या आश्वासनाने फार नुकसान केलं. ६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्जने मॅक पॉवरपीसीवरून इंटेलवर नेण्याची घोषणा केली. त्याच मंचावर मॅथेमॅटिका इंटेलवर चालवून दाखवलं गेलं आणि लाखो ओळींपैकी जेमतेम वीसेक ओळी बदलाव्या लागल्याचं सांगितलं गेलं. लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. फोटोशॉपचं काय झालं तेही आठवा. इंटेलचे पहिले मॅक जानेवारी २००६ मध्ये आले, ऑगस्टपर्यंत सगळी मालिका बदलली, पण इंटेलवर थेट चालणारं फोटोशॉप सीएस३ उगवलं एप्रिल २००७ मध्ये. तोवर व्यावसायिक लोक जुनी आवृत्ती रोझेटा नावाच्या अनुवादकातून रखडत चालवत होते. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीला कोडवॉरियर हे जुनं विकाससाधन सोडून अॅपलच्या एक्सकोडवर यावं लागलं, तो भाग वेगळाच.

त्या स्थलांतरातली सगळ्यात ठळक चूक बाइटांच्या क्रमाची. एका पिक्सेलचे चार बाइट असतात: अल्फा, लाल, हिरवा, निळा. चारांचा मिळून एक आकडा केला की पॉवरपीसी मॅकमध्ये त्याचा मोठा बाइट आधी यायचा, इंटेलमध्ये लहान बाइट आधी येतो. पॉवरपीसीवर लिहिलेली फाइल इंटेलवर तशीच उचलली, तर निळ्याच्या जागी अल्फा जातो, अल्फाच्या जागी निळा, आणि लाल-हिरव्याची अदलाबदल होते. अपारदर्शक चित्रात अल्फा सगळीकडे २५५ असतो. म्हणून सगळ्या चित्रावर निळा चढतो, आणि जिथे मुळात निळा अजिबात नव्हता तिथलं चित्र आरपार होतं. चूक कुठे आहे हे चित्रच सांगतं, वाचणारा हवा. आकाश नारिंगी आणि चेहरे निळसर, पण पारदर्शकता शाबूत असेल, तर लाल आणि निळा एवढेच बदललेत. आरजीबीए आणि बीजीआरए यांची गल्लत झाली आहे, ती वेगळ्या जागी शोधायची. आणि ही तपासणी करडं चित्र घेऊन करू नका. करड्यात तिन्ही रंगांचे आकडे सारखेच असतात, लाल-निळ्याची अदलाबदल झाली तरी दिसणार काय? शुद्ध लाल, शुद्ध निळा आणि अर्धपारदर्शक हिरवा असे तीन चौकोन पुरेत.

चित्र तिरकं घसरत गेलं असेल तर ओळीची लांबी बघा. ओळीच्या शेवटी भरलेले जादा बाइट कोणीतरी हिशोबात धरलेले नाहीत. उजव्या कडेलाच कचरा दिसत असेल तर हाताने लिहिलेला व्हेक्टर कोड धरा: एव्हीएक्स२ एका वेळी असे आठ पिक्सेल घेतो, आर्मचं निऑन चार, आणि उरलेल्यांचा हिशोब चुकतो. लिनक्समध्ये आणखी एक सापळा आहे. सी भाषेतला साधा 'कॅर' इंटेलवर चिन्हासकट असतो, आर्मवर चिन्हाशिवाय. दोन पिक्सेलांमधला उणे तीनचा फरक त्यात ठेवला की आर्मवर तो २५३ होतो आणि सावलीत पांढरे ठिपके फुटतात.

२०२० मध्ये मॅक इंटेलवरून अॅपलच्या स्वतःच्या आर्म चिपवर गेले तेव्हा बाइटांचा क्रम तोच राहिला. पण ग्राफिक्स चिपची काम करण्याची रीत बदलली. अॅपलची चिप पडद्याचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा आपल्या आतल्या स्मृतीत रंगवते. 'आधीचा मजकूर नको' असं सांगून नंतर त्याच मजकुरावर विसंबणारा कोड इंटेल किंवा एएमडीच्या चिपवर नशिबाने चालायचा. इथे त्याला कचरा मिळतो. दोन शेडरमध्ये एकाच बिंदूची जागा स्वतंत्रपणे मोजली आणि ती तंतोतंत जुळेल असं गृहीत धरलं, तर पृष्ठभाग थरथरतात. अॅपलने हे सगळं त्याच वर्षी डेव्हलपरांना बजावून सांगितलं होतं. शिवाय जुन्या एसडीकेवर बांधलेल्या सॉफ्टवेअरसाठी काही चुका सिस्टीमच झाकून घेत होती. नव्या एसडीकेवर बिल्ड केलं की ते पांघरूण निघतं. 'कोडची एक ओळ बदलली नाही, तरी बिघडलं' ही तक्रार तिथून येते, आणि तिचं उत्तर त्या न बदललेल्या ओळींतच असतं.

सगळ्यात छळणारी चूक मात्र अधूनमधून दिसते. एखाद्या फ्रेममध्ये चित्राचा एक तुकडा जुनाच राहतो, पुढच्या फ्रेममध्ये नीट होतो, आणि लॉग लावला की गायब. एक थ्रेड तुकडा रंगवतो आणि 'तयार' अशी खूण करतो, दुसरा खूण बघून तुकडा उचलतो. इंटेलवर हे लिहिणं दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसतं. आर्म तशी हमी देत नाही. ताट वाढून होण्याआधीच 'जेवायला या' ही हाक पोचते. इंटेलचं सॉफ्टवेअर आर्म मॅकवर चालवणाऱ्या रोझेटा २साठी अॅपलने चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळणारी सोय ठेवली आहे. म्हणून तेच सॉफ्टवेअर रोझेटातून नीट चालून आर्मवर थेट बिघडत असेल, तर ड्रायव्हरकडे बोट दाखवण्याआधी आपले थ्रेड तपासा.

यावर खरा उपाय कंटाळवाणा आहे: जुन्या मशिनवरची चित्रं जपून ठेवायची आणि नव्याची पिक्सेलागणिक तुलना करायची. आर्मवर गुणाकार आणि बेरीज अनेकदा एकाच फटक्यात होतात, मधली एक राउंडिंग वाचते, त्यामुळे २५५ मध्ये एकाचा फरक क्षम्य आहे. पण चाचणी हिरवी व्हावी म्हणून मुभा एकाची तीन, तिनाची आठ करत नेणं ही लबाडी आहे. वापरणाऱ्याच्या फोटोतला रंग बिघडतो आणि अहवालात सगळं ठीक दिसतं.

पहिली रोझेटा २०११ मध्ये मॅकच्या लायन आवृत्तीत काढून टाकली. दुसरीची मुदत अॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केली: मॅकओएस २७ पर्यंत ती पूर्ण मिळेल, त्यानंतर काही जुन्या गेमपुरता भाग उरेल. बगच्या यादीत 'तूर्त रोझेटातून चालवा' असं लिहून फाइल बंद केलेल्यांनी ती फाइल या आठवड्यातच उघडावी.