नुसती बॉडी

"बॅटरी नाही ओ काका, नुसती बॉडी हाय," असं जुनं कॉर्डलेस ड्रिल विकणारा जरा ओशाळून सांगतो, तेव्हा मला मनातून उकळ्या फुटतात. बॅटरीसकट मशीन कुणीही घेईल. दुकानात जायचं, पैसे मोजायचे, खोकं घेऊन यायचं, यात माणसाचं कर्तृत्व ते काय? नुसती बॉडी मागणारा मात्र बघताक्षणी जाणकार वाटतो, निदान मला तरी मी तसा वाटतो. मी बॉडी हातात घेतो, चक फिरवतो, मग ती कानाजवळ नेऊन हलवतो. हलवून नेमकं काय ऐकायचं असतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण निपाणीच्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं मला हलवताना पाहून आपणहून शंभर रुपये कमी केले, तेव्हापासून ही तपासणी मी अधिकच गंभीर चेहऱ्यानं करतो.

"अहो, आपल्या घरात भोकं तरी अजून किती पाडायची राहिलीत?" हा घरातला नेहमीचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. वडगावातलं आमचं घर लहान, भिंती जुन्या आणि भिंतीवर टांगण्याजोगे पूर्वज मोजकेच. पण गरजेपुरतंच घ्यायचं म्हटलं तर बेळगावात कुंदा कुणी खाल्ला असता?

खरं कारण मी घरात सांगत नाही. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. त्या खडखडाटात कुणाच्या कर्तबगारीचा आवाज म्हणून ऐकू जात नाही. पण आषाढात, मंगाईच्या यात्रेच्या सुमाराला, पाऊस लागून राहतो आणि लाईट जाते. लाईट गेली की सगळे माग एका दमात थांबतात. एवढी शांतता गल्लीच्या सवयीची नाही, त्यामुळे माणसं दारात येऊन उभी राहतात. नेमकं तेव्हाच मी कॉर्डलेस काढतो. वायरवालं ड्रिल असलेले शेजारी हात चोळत बसलेत, आणि आमच्या घरातून घर्रर्र! भोक पाडायलाच हवं असं नाही. लाकडाचा एक ओंडका मी त्यासाठी वेगळा ठेवलाय. त्याची आता चाळण झाली आहे.

या सगळ्या रुबाबाचा जीव बॅटरीत. अठरा व्होल्टची जाड बॅटरी उघडली की आत दहा सेल निघतात. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, म्हणून या सेलचं नाव १८६५०. लिथियम-आयनचे सेल सोनीनं १९९१ साली बाजारात आणले आणि त्यामागच्या संशोधनासाठी तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. हे मी घरात दोन-तीनदा सांगितलं. उद्देश एवढाच, की माझ्या वयाचा विषय निघू नये.

सेल दोन-दोनच्या जोडीनं बांधतात आणि अशा पाच जोड्या एकामागे एक लावतात. एका सेलचे ३.६ व्होल्ट, पाचांचे अठरा. ही रांग म्हणजे पंढरीच्या वाटेवरची दिंडी. सगळ्यात दमलेल्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. एक जोडी बसली की बाकीच्या चार धडधाकट असूनही मशीन मान टाकतं. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे पाचांचे एकवीस. त्यामुळे एक कंपनी त्याच बॅटरीवर अठरा छापते, दुसरी वीस, आणि हल्ली बाजारात येणाऱ्या स्वस्त मशीनवर चक्क अठ्ठेचाळीस, अठ्ठ्याऐंशी असले आकडे असतात. उघडून बघावं तर आत तेच पाच. मी त्यांना हसत नाही. निवृत्तीच्या वेळी माझ्या टेबलावर 'प्रभारी' अशी पाटी होती, आणि माझ्या प्रभारात तेव्हा एक कपाट होतं.

चंद्राचा विषय इथंच काढलेला बरा, कारण कॉर्डलेसची गोष्ट निघाली की चहा प्यायला आलेला कुणीतरी "हे सगळं नासानं शोधलं" असं ठोकून देतो. तसं नाही. ब्लॅक अँड डेकरचं बॅटरीवरचं ड्रिल १९६१ सालचं. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या आठ वर्षं आधीचं. पुढं नासाला चंद्रावर भोक पाडायची हौस आली, आणि १९७१ च्या जुलैत अपोलो १५ बरोबर बॅटरीवरचं ड्रिल वर गेलं. डेव्हिड स्कॉटला जमिनीतली उष्णता मोजायला सुमारे तीन मीटर खोल जायचं होतं. जेमतेम अर्ध्या वाटेवर ड्रिल अडकलं. मग मातीचा नमुना काढायला नळी घातली, ती बाहेर येईना. तेव्हा स्कॉट आणि त्याचा साथीदार आयर्विन, दोघांनी दोन्ही बाजूंनी खांदे लावून ती उपसली, त्यात स्कॉटचा खांदा दुखावला. अडीच लाख मैल जायचं आणि तिथं खांद्यानं पाइप उपसायचा! आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत बिट अडकतं तेव्हा मी स्कॉटची आठवण काढतो. फरक इतकाच, की आयर्विनच्या जागी असलेलं माणूस "मी आधीच सांगितलं होतं" असं म्हणतं.

अजून संपलं नाही. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात अपोलो १६ गेलं. या खेपेला ड्रिल सुधारलेलं, भोक झकास पडलं. उष्णता मोजायचं यंत्र जोडून झालं आणि जॉन यंगचा पाय त्याच्या वायरमध्ये अडकून वायरच तुटली. प्रयोग तिथंच बारगळला. बिनवायरचं ड्रिल घेऊन चंद्रावर जायचं आणि वायरीत पाय अडकायचा! ही गोष्ट मी कितीही वेळा सांगू शकतो, आणि ऐकणारे ती कितीही वेळा ऐकू शकत नाहीत.

तर बॅटरी. उद्यमबागच्या वाटेवर एक पोरगा इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या बांधतो. त्याच्यापुढं मी जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल ऐटीत ओतले. त्यानं एक उचलला, खाली ठेवला.

"काका, हे निवांत चालणारे ओ. ड्रिल अडकलं की वीस-तीस अँपिअर ओढतंय. हे तापून बसणार."

"आणि हे?" मी ऑनलाइन मागवलेला एक पुढं केला. त्यावर ९९०० एमएएच छापलेलं.

"ह्या मापाच्या सेलात साडेतीन हजाराच्या आसपास मावतंय. नऊ हजार नऊशे कुठनं घालणार?" मग त्यानं तो तळहातावर तोलला. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. हा पोकळच लागला.

जास्त करंट देणारे अडीच हजारांचे दहा सेल त्यानं काढले. एकेकाचा अंतर्गत रोध मोजून सारख्या जोड्या लावल्या, टोकांवर कागदी चकत्या चिकटवल्या आणि निकेलची पट्टी ठेवून दोन तांब्याच्या टोकांनी चट् चट् असे डाग दिले. प्रत्येक सेलवर मोहरीएवढे ठिपके. सोल्डर का नाही, तर त्याची धग सेलच्या पोटात जाते म्हणून. पहिली पट्टी त्यानं पक्कडीनं ओढून फाडली. पट्टी फाटली, ठिपके सेललाच चिकटून राहिले. "धरलं," म्हणाला. माझ्याजवळची तीन अँपिअर-अवरची थकलेली बॅटरी पाचाची झाली. सेलचे पैसे मशीनच्या दुप्पट पडले, हा आकडा घरात अजून जाहीर झालेला नाही.

चिडचिड होते ती वेगळ्याच गोष्टीची. दोन कंपन्यांच्या दोन्ही बॅटऱ्या अठरा व्होल्टच्या, आतले सेल त्याच मापाचे. पण प्लॅस्टिकची एक खाच इकडची तिकडं सरकवली की एकीची दुसरीत बसत नाही. बॅटरी थकली की नवी मिळत नाही, आणि ज्याच्या मोटरीला काही झालेलं नाही असं मशीन किलोवर भंगारात जातं. थकलं काय आणि फेकतात काय!

माझ्या ड्रिलच्या मुठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं कानडी अक्षरं आहेत. आमचं घर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारं, त्यामुळे ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थिनर शोधत होतो. नात शाळेत कानडी शिकते. तिनं ते वाचलं, एका माणसाचं नाव निघालं. साइटवर चार जणांची मशीनं एकसारखी दिसतात, म्हणून कारागीर असं नाव घालतात. विकणाऱ्याला फोन केला तर कळलं, की तो सुतार गोव्याला कामाला असायचा, आता हात थरथरतो. मुठीचं रबर अंगठ्याखाली पार गुळगुळीत झालंय. मी मूठ धरतो तेव्हा माझा अंगठा त्या जागेवर बसतच नाही, अर्धा इंच वर राहतो. त्यानं या मशीननं किती घरांची दारं बसवली असतील, आणि मी लाकडाच्या ओंडक्याला भोकं पाडतोय. थिनरची बाटली परत माळ्यावर गेली.

आता अडचण उलटी झालीय. बॅटरी एवढी दणकट, की एकट्या ड्रिलला ती जास्त होते. त्याच खाचेत बसणारा ग्राइंडर असला तर बॅटरीचं सार्थक होईल, असं मी जेवताना सहज बोललो. "आधी मशीनसाठी बॅटरी, आता बॅटरीसाठी मशीन," एवढं म्हणून बायकोनं मला आमटी वाढली, तीही कमी.

परवा निपाणीहून फोन आला. "काका, ग्राइंडर आलाय. नुसती बॉडी. पण वर नाव घातलंय कुणाचं तरी. पुसून ठेवतो की."

"पुसू नकोस," मी म्हणालो. "राहू दे तसंच. त्याचे पन्नास कमी कर."