शून्य सावलीचं कोटेशन

मेच्या मध्यावर पुण्यात एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली गडप होते. शून्य सावलीचा दिवस. पुतणीने त्यासाठी गच्चीवर पाण्याची बाटली उभी करून ठेवली होती. नेमका त्याच दिवशी, त्याच वेळेला सोलरवाला गच्ची बघायला आला. त्याने चौफेर नजर फिरवली, मोबाइलवर चार फोटो काढले आणि म्हणाला, ‘‘सर, तुमच्याकडे सावलीचा काही प्रॉब्लेमच नाही!’’

खोटं बोलला नाही बिचारा. त्या मिनिटाला अख्ख्या पुण्यातच सावलीचा प्रॉब्लेम नव्हता.

आमच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची जिन्याची खोली आहे आणि तिच्या डोक्यावर काळी टाकी. आमच्या गच्चीपासून मोजलं तर दहा फूट उंच. मेमध्ये ती गरीब गायीसारखी उभी असते. पण सूर्य पुढे दक्षिणेला सरकतो. बावीस डिसेंबरला भर दुपारीही पुण्यात तो ४८ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे त्या टाकीची सावली दुपारी नऊ फूट आणि साडेतीनला सतरा फुटांच्या पुढे. आणि प्लेटा कुठे बसणार? टाकीपासून सहा फुटांवर. प्लेटा जोडलेल्या असतात दिवाळीच्या माळेसारख्या, एकीमागे एक. एकीवर सावली आली की बाकीच्याही मान टाकतात. आतले डायोड थोडं सांभाळून घेतात, पण थोडंच.

उत्तरायण-दक्षिणायन आपल्याला कालनिर्णयाने पाठ करून दिलंय. पण ते तिळगुळापुरतं. गच्चीवर चढल्यावर कोणालाच आठवत नाही.

तर, आठवड्याभरात तीन कोटेशनं आली. सोलरवाले त्याला ‘प्रपोजल’ म्हणतात. पहिल्या पानावर हिरवळ, पांढराशुभ्र बंगला आणि दात दाखवत उभं असलेलं चौकोनी कुटुंब. हे कुटुंब तिन्ही प्रपोजलांत तेच होतं. सगळ्या महाराष्ट्राला सोलर बसवून देतंय बहुधा.

घरचा वापर महिन्याला सव्वातीनशे-साडेतीनशे युनिट. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर तीन किलोवॅट पुरे. तिघांनीही सव्वातीन-साडेतीनच्या आसपासच दिलं होतं, साडेपाचशे वॅटच्या सहा प्लेटा. इथवर एकमत. शेवटच्या पानावरचे आकडे मात्र असे : पहिल्याचे १ लाख ९५ हजार. दुसऱ्याचे १ लाख १२ हजार. तिसऱ्याने आकडाच दिला नव्हता, नुसतं ‘५५ रुपये वॅट’.

घरात लगेच मतदान झालं. एक लाख बारा हजारवाला प्रचंड बहुमताने निवडून आला.

समोरच्या बंगल्यातले काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. दुसऱ्याने ७८ हजारांची सबसिडी आधीच वजा करून दाखवली होती, जणू ती त्याच्या खिशातून यायची आहे. ती यायची केंद्र सरकारकडून, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून, आणि तीही थेट आपल्या बँक खात्यात, प्लांट सुरू होऊन तपासणी झाल्यावर. तोवर सोलरवाल्याला मोजायचे ते १ लाख ९० हजारच. तिसऱ्याचे ३,३०० वॅट गुणिले ५५ म्हणजे १ लाख ८१ हजार ५००, आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात ‘जीएसटी एक्स्ट्रा’. सामानावर पाच टक्के, बसवणुकीच्या भागावर अठरा, मिळून पावणेनऊ-नऊ टक्के. झाले १ लाख ९७ हजार सहाशे.

म्हणजे ज्यांच्यात ८३ हजारांचा फरक दिसत होता, त्या तिघांत आठ हजारांचाही धड फरक नव्हता. काकांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. निवडून आलेल्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं.

मग चौथा आला. चौथा नेहमी येतो आणि नेहमी कोणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीने येतो. त्याचे १ लाख ४५ हजार, ‘सबसिडी वजा जाता फक्त ६७,०००’. ‘फक्त’ लाल अक्षरात. प्लेटेच्या रकान्यात नुसतं ‘हाय एफिशिअन्सी, ए ग्रेड’. कंपनी? मॉडेल? डीसीआर आहे का? डीसीआर म्हणजे जिचा सेलही भारतात बनलेला आणि प्लेटही. सबसिडी फक्त तिलाच. विचारल्यावर चौथा मोकळेपणाने म्हणाला, ‘‘डीसीआर पाहिजे असेल तर रेट वेगळा पडेल, साहेब.’’ म्हणजे ज्या प्लेटेला सबसिडी मिळतच नाही, तिच्यातून सबसिडी वजा करून दाखवली होती. ब्रह्मगुप्तानंतर शून्याचा इतका सर्जनशील वापर कोणी केला नसेल.

बाकीचा स्वस्तपणा कुठून येतो? तर जिथे मालक वाकून बघत नाही तिथून. स्ट्रक्चर, वायर, अर्थिंग. एक प्लेट साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद. अशा सहा म्हणजे गच्चीवर चांगलं दीड-पावणेदोनशे चौरस फुटांचं शीड उभारणं. वळवाच्या वाऱ्यात ते होडीसारखं निघायला बघतं. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळात कोकणात पत्रे कसे उडाले ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना स्ट्रक्चरच्या रकान्यातला ‘स्टँडर्ड’ हा शब्द वाचून झोप लागायची नाही. पाइप वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला आहे की साध्या लोखंडाला चंदेरी रंग मारलाय, जाडी किती, बोल्ट कसले, पाया कसा? ‘स्टँडर्ड’. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत. प्लेटांकडच्या डीसीचा एक, घराकडच्या एसीचा एक आणि विजेच्या कडकडाटासाठी लाइटनिंग अरेस्टरचा स्वतंत्र. चौथ्याने एकाच खड्ड्यात तिघांची सोय केली होती. संयुक्त कुटुंब टिकवणारी माणसं अजून आहेत.

एका कोटेशनात ओळ होती : ‘लायझनिंग : ८,०००’. काय असतं हे? ‘‘फाइल असते ना सर. लोड वाढवायला लागतो, फीजिबिलिटी लागते, साहेबांना भेटावं लागतं.’’ नियम सांगतो की दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला तांत्रिक फीजिबिलिटीचा अभ्यासच लागत नाही. हा बदल २०२४ मध्येच झाला. लोड वाढवणंही वीज कंपनीनेच करायचं. अर्ज ऑनलाइन. मग साहेबांना भेटायचं ते कशाला? तर, ‘‘ओळख राहते.’’ आठ हजारांत ओळख महाग नाही, पण ती माझी साहेबांशी होणार की त्याची, हे कळलं नाही. मी ती ओळ खोडली. कोणी हूं की चूं केलं नाही. एवढी हलकी आठ हजारांची ओळ मी आजवर पाहिलेली नाही.

पाचवा यायच्या आधी पहिलाच पुन्हा आला, पाच किलोवॅट घेऊन. ‘‘भविष्याचा विचार करा सर. उद्या ईव्ही घ्याल, एसी घ्याल.’’ माझ्या भविष्याची इतकी काळजी एलआयसीच्या एजंटनंतर प्रथमच कोणी केली. सबसिडी म्हणाल तर पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. त्यापुढे तुम्ही गच्ची, अंगण, कुत्र्याचं घर सगळं झाकलंत तरी सरकार ७८ हजारांवर हात जोडून उभं. आणि न वापरलेले युनिट? ते महिन्यामहिन्याला पुढे जमा होतात आणि ३१ मार्चला त्यांचा निकाल लागतो. उरलेल्या युनिटला मिळणारा भाव हा आपण महावितरणला देतो त्या भावाच्या जवळपासही नसतो.

‘‘लाइट गेली तर?’’ हा प्रश्न आईने विचारला. चौघांपैकी एकानेही त्याचं उत्तर आपणहून दिलं नव्हतं. लाइट गेली की साधं ऑन-ग्रिड सोलरही बंद पडतं. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का द्यायची. कारण रास्त आहे. पण प्रपोजलच्या कव्हरवरच्या त्या हसऱ्या कुटुंबाला कोणी हे सांगितलेलं दिसत नाही. दुपारचे बारा, डोक्यावर तीन किलोवॅट, आणि पंखा बंद. हे नको असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी, आणि एक वेगळं, बरंच मोठं कोटेशन.

आईचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. ‘‘कुरडया कुठे घालायच्या?’’ यावर पहिला सोलरवाला प्रथमच निरुत्तर झाला. उत्तर आहे : स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच घ्यायचं, खाली माणूस फिरतो. पण मग लोखंड वाढतं, वारा जास्त लागतो, दर बदलतो. आणि कुरडया तरी प्लेटांच्या सावलीत कशा वाळणार? आईने हा मुद्दा मांडला तेव्हा मला वाटलं, या घरात सावलीचा अभ्यास करूनच बोलणारं एक माणूस आहे.

आता परतफेडीचं पान. प्रत्येक प्रपोजलात असतंच. त्यात एक तक्ता : पैसे साडेतीन-चार वर्षांत वसूल, पुढची एकवीस वर्षं ‘मुफ्त’. मी तक्ता उलटा सोडवला. एक किलोवॅटला रोज पाच युनिट धरले होते, वर्षाचे ३६५ दिवस. जुलै नाही, ऑगस्ट नाही, ढग नाहीत, प्लेटांवर धूळ नाही, कबुतरं नाहीत. पुण्यात कबुतरं नाहीत! विजेचा दर दरवर्षी न चुकता वाढतोय आणि प्लेट मात्र म्हातारी होत नाही. बिल शून्य लिहिलं होतं; स्थिर आकार कोण भरणार, ते लिहिलं नव्हतं.

तेव्हा कुठे लक्षात आलं. चारही कोटेशनांत वर्षभर मे महिना होता. बारा महिने मे, आणि चोवीस तास दुपारचे साडेबारा. गंमत म्हणजे मेमध्येही प्लेट खूश नसते. ती पंचवीस अंशांच्या वर तापली की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के कमी देते. पुण्याच्या उन्हात गच्चीवरची प्लेट किती तापते ते हात लावून बघा. नको, लावू नका.

वॉरंटीचं फार बोलत नाही. ‘२५ वर्षं’ असं मोठ्या टाइपात लिहितात ती प्लेट किती वीज देईल त्याची हमी. प्लेट खराब निघाली तर बदलून देण्याची मुदत वेगळी आणि बहुतेकदा बरीच कमी असते. इन्व्हर्टर बहुतेकदा पाच ते दहा वर्षं. आणि प्रपोजल देणाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डावर दुकानाचा पत्ता नव्हता, नुसता मोबाइल नंबर होता. पंचवीस वर्षांत मी तीन नंबर बदललेत. योजनेनुसार पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्यावर बंधनकारक आहे, तेवढं कोटेशनात त्याच्या अक्षरात लिहून घेतलं.

सोलर वाईट आहे असं मी म्हणत नाही. आम्ही बसवतोय. काम त्या पाचव्याला दिलं, जो ढगाळ सकाळी आला, सोबत टेप आणली, शेजाऱ्यांच्या टाकीची उंची विचारली आणि म्हणाला, ‘‘काका, दोन प्लेटा त्या कोपऱ्यातून उचलाव्या लागतील, डिसेंबरात मार खातील.’’ त्याचं कोटेशन सर्वांत महाग होतं : २ लाख ६ हजार, जीएसटीसकट, सबसिडी न वजा करता. प्लेटेचं मॉडेल, वायरची जाडी, तीन खड्डे, सगळं लिहिलेलं. कव्हरवर कुटुंब नव्हतं.

तुमच्याकडे या उन्हाळ्यात कोणी गच्ची बघायला आला, तर त्याला दर नंतर विचारा. आधी हात धरून दक्षिणेच्या कठड्यापाशी न्या आणि विचारा, ‘‘बावीस डिसेंबरला दुपारी साडेतीनला ही सावली कुठपर्यंत येईल?’’ वर सूर्याकडे बघायला लागला, तर चहा पाजा आणि पाठवून द्या.